प्रयोग केव्हा संपतो?

प्रयोग केव्हा संपतो, असे तुम्हांला कोणी विचारले तर तुम्ही काय उत्तर द्याल? कोणी म्हणेल, निरीक्षणे घेऊन झाली की संपतो. कोणी म्हणेल, आकडेमोड करून उत्तर आले की संपतो. आणि बहुतेक जण मनातल्या मनात म्हणतील, जर्नलवर सरांची सही झाली की संपतो! सही होताच दप्तरे उचलली जातात. टेबलावर मागे राहतात चंचुपात्राच्या बुडाची ओली वर्तुळे, ब्युरेटखाली सांडलेले चार थेंब आणि बाटलीवरून ओघळलेली एखादी रेघ. ‘मामा येऊन फडके मारतील,’ असे आपण गृहीत धरतो.

मी भौतिकी शिकवतो, रसायनशास्त्र नव्हे. तरीही आम्लांनी डागाळलेल्या टेबलांचा प्रश्न मला परका नाही. आमच्या प्रयोगशाळेतही लेड-अ‍ॅसिड संचायक असतात. त्यांच्यातील द्रवाचा सुमारे एक तृतीयांश भाग सल्फ्युरिक आम्लाचा असतो आणि भारण करताना निघणारे बुडबुडे त्या आम्लाचे बारीक तुषार आजूबाजूला उडवतात. आम्ल हाताळणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेबद्दल माझे मत असे आहे, की पुढचा माणूस उघड्या कोपराने निर्धास्तपणे टेकू शकेल असे टेबल झाल्याशिवाय प्रयोग संपला असे म्हणू नये. तसे टेबल करण्याचे काम ज्याने प्रयोग केला त्याचेच आहे.

हे मत नुसत्या शिस्तीच्या आवडीतून आलेले नाही. त्यामागे शास्त्र आहे, ते आधी पाहू.

सुकलेला थेंब खरोखर सुकतो का?

‘आम्ल विरल होते, त्याचे काय एवढे?’ हा नेहमीचा युक्तिवाद. विरल आम्ल बाटलीत असते तोवर विरल असते. टेबलावर सांडले, की ते तसे राहतेच असे नाही.

शाळा-महाविद्यालयांत वापरतात त्या विरल सल्फ्युरिक आम्लात एका लिटरला साधारण ९८ ग्रॅम आम्ल असते, असे धरू. म्हणजे त्याची तीव्रता दहा टक्क्यांच्या आसपास झाली. आता त्याचा थेंब टेबलावर पडला. पाण्याचे बाष्पीभवन होऊ लागते. सल्फ्युरिक आम्लाचे मात्र होत नाही, कारण त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३३७ अंश सेल्सिअस आहे आणि खोलीच्या तापमानाला त्याची वाफ जवळजवळ होतच नाही. पाणी जाते, आम्ल राहते. थेंब लहान होतो आणि तीव्र होत जातो.

पण तो पूर्ण सुकत नाही, हीच यातली गंमत आहे. सल्फ्युरिक आम्लाला पाण्याची फार ओढ असते. थेंब तीव्र होत गेला, की हवेतील बाष्प तो परत ओढून घेऊ लागतो. जाणारे पाणी आणि येणारे पाणी सारखे झाले, की थेंब तेथेच थांबतो. तो कोठे थांबतो, हे हवेच्या आर्द्रतेवर अवलंबून असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर हा तोल सुमारे ४३ टक्के आम्लावर साधतो. पावसाळ्यात आपल्या मुंबईच्या हवेत आर्द्रता ७५ टक्के धरली, तर तो सुमारे ३० टक्क्यांवर येतो. म्हणजे दहा टक्क्यांचा ‘निरुपद्रवी’ थेंब भर पावसाळ्यातदेखील तिप्पट तीव्र होतो, हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी चौपट.

असा डाग पाण्याच्या डागासारखा ओलसर दिसतो. कोणी त्यावर वही ठेवतो, कोणी ओढणीचे टोक, कोणी कोपर. सुती कापडातील सेल्युलोजचे धागे आम्लाने हळूहळू कमजोर होतात. त्या दिवशी काही दिसत नाही. पुढच्या धुण्यात कापड चोळले, की भोक पडते. प्रयोगशाळेतील जुने अ‍ॅप्रन नीट पाहा. पुष्कळांवर भोके पोटाच्या उंचीवर ओळीने असतात. ती अंगावर आम्ल उडाल्याने पडलेली नसतात. टेबलाच्या कडेला टेकल्याने पडलेली असतात!

हायड्रोक्लोरिक आम्लाची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या थेंबातून पाणी आणि आम्ल दोन्ही अखेरीस उडून जातात. पण उडून जातात म्हणजे नाहीसे होतात असे नव्हे. ती वाफ तराजूच्या पितळी भागावर, चिमट्यावर आणि कात्रीवर बसते व त्यांना गंजवते. टेबलावरचा डाग गेला आणि कपाटातला तराजू बिघडला, एवढाच काय तो फरक.

दोन काळे दगड

आता टेबलाकडे पाहू. आपल्याकडील पुष्कळशा जुन्या प्रयोगशाळांतील टेबलांवर आणि घरांतील स्वयंपाकाच्या ओट्यांवर काळा कडप्पा बसवलेला असतो. आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यावरून त्याला हे नाव पडले. अंधेरीची गिल्बर्ट टेकडीही काळ्याच दगडाची. पण दोन्ही दगड काळे असले तरी त्यांची जात अगदी निराळी आहे. गिल्बर्ट टेकडीचा दगड बेसॉल्ट आहे, ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेला. ताज्या बेसॉल्टवर विरल आम्ल टाकले तर तो फसफसत नाही. कडप्पा मात्र चुनखडीचा दगड आहे, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो आम्लाशी क्रिया करतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली, तर सकाळी पांढरट डाग दिसतो. तेथील गुळगुळीत थर आम्लाने खाल्लेला असतो.

कोणी म्हणेल, मग हे तर छानच झाले. टेबलच आम्ल खाऊन टाकते, पुसायची गरजच काय?

हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाबतीत यात थोडे तथ्य आहे. तयार होणारे कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळते, त्यामुळे दगडाचा नवा भाग उघडा पडत राहतो आणि क्रिया चालू राहते. अर्थात त्याची किंमत टेबल मोजते. ते खडबडीत होते आणि पुढच्या वेळी त्या खाचांत आम्ल अधिक साचते.

सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत मात्र फसगत होते. येथे तयार होते कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. ते पाण्यात फारच थोडे विरघळते. त्याचा पातळ थर दगडावर बसतो आणि खालचा दगड झाकून टाकतो. क्रिया मंदावते, फसफस थांबते. पाहणाऱ्याला वाटते आम्ल संपले. वास्तविक आम्ल थराच्या वर तसेच असते! फसफस थांबणे आणि आम्ल संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

साफ कसे करावे?

सांडलेले आम्ल संहत असेल, किंवा बाटलीच फुटली असेल, तर विद्यार्थ्यांनी त्याला हात लावू नये. दूर व्हावे, शेजाऱ्याला दूर करावे आणि शिक्षकांना हाक मारावी. संहत सल्फ्युरिक आम्लावर पाणी ओतू नये. विरल होताना इतकी उष्णता बाहेर पडते, की पाणी उकळून आम्लासह अंगावर उडू शकते. संहत नायट्रिक आम्लावर कापूस, कागद किंवा लाकडाचा भुसा टाकू नये. ते तीव्र ऑक्सिडीकारक असल्याने अशा वस्तू पेट घेऊ शकतात.

विरल आम्लाचे थेंब मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली तुम्हांला साफ करता येतात. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे हवेत. त्यावर टाकायचा पदार्थ घरोघरी असतो, तो म्हणजे खाण्याचा सोडा, सोडियम बायकार्बोनेट. डागाच्या कडेपासून मध्याकडे तो शिंपडावा, म्हणजे आम्ल पसरत नाही. फसफस ओसरली, की थोडे पाणी घालून काचेच्या कांडीने ढवळावे, कारण सोड्याच्या पापुद्र्याखाली आम्ल लपून राहते. मग आणखी चिमूटभर सोडा टाकून पाहावा. पुन्हा फसफसले, तर अजून आम्ल आहे. अखेरीस सगळे टिपून घ्यावे, टेबल दोनदा स्वच्छ पाण्याने पुसावे आणि कोरडे करावे. फडकेही वाहत्या पाण्यात धुवावे. बादलीत तसेच टाकलेले आम्लाचे फडके पुढे कोणाच्या तरी उघड्या हातांनी पिळले जाते.

येथे एक शंका निघेल. आम्ल मारायचे, तर कॉस्टिक सोडा जास्त प्रभावी नाही का? प्रभावी आहे, म्हणूनच नको. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली यांच्या उदासिनीकरणात दर मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता निघते. १०० मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्लासाठी हिशेब केला, तर २०० किलोज्यूलहून अधिक उष्णता होते. एवढ्यात ३० अंशांचे अर्धा लिटर पाणी सहज उकळेल. शिवाय कॉस्टिक सोडा जास्त पडला, तर तो स्वतःच कातडी जाळतो. खाण्याचा सोडा जास्त पडला, तरी फारसे बिघडत नाही. गंमत म्हणजे विरल आम्ल आणि कोरडा खाण्याचा सोडा यांचे मिश्रण थोडे थंडच होते. घरी पेल्यात व्हिनेगर घेऊन तापमापक बुडवा, चमचाभर सोडा टाका आणि पारा कोणीकडे जातो ते पाहा.

एक सूचना विसरू नका. सोडा टेबलासाठी आहे, कातडीसाठी नाही. अंगावर आम्ल पडले तर लगेच नळाखाली धरावे, निदान पंधरा मिनिटे, आणि शिक्षकांना सांगावे.

टेबल साफ झाले, हे ठरवायचे कशावरून? डोळ्यांवरून नव्हे. निळा लिटमस कागद ऊर्ध्वपातित पाण्याने ओला करून चार ठिकाणी टेकवावा: जेथे सांडले तेथे, टेबलाच्या कडेला, फरशीच्या सांध्यावर आणि बाटली ठेवतात त्या वर्तुळावर. कागद निळाच राहिला, तर टेबल उत्तीर्ण! लिटमस नसेल, तर जास्वंदीच्या फुलाच्या रसात भिजवून वाळवलेला कागदही चालतो. तो आम्लाने लाल-गुलाबी होतो. हळदीचा कागद मात्र येथे उपयोगाचा नाही. त्याला अल्कली कळते, आम्ल कळत नाही.

लिटमसलाही न कळणारे आम्ल

लिटमसवर विसंबण्यालाही मर्यादा आहे. आपल्या पवईच्या आयआयटी मुंबईत अर्धवाहकांची सूक्ष्म उपकरणे घडवण्याची प्रयोगशाळा आहे. जगभर अशा प्रयोगशाळांत सिलिकॉनच्या चकतीवरचा ऑक्साइडचा थर काढण्यासाठी हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. हे आम्ल काचेलाही खाते, म्हणून ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावे लागते. शाळेत ते कधीही येत नाही आणि येऊही नये. रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याची गणना ‘सौम्य’ आम्लांत होते, कारण पाण्यात त्याचे थोडेच रेणू आयनांत विभागले जातात. पण हेच अविभक्त रेणू कातडीतून आत शिरतात. आत गेलेला फ्लुओराइड शरीरातील कॅल्शियम पकडतो. हृदयाच्या ठोक्यांना कॅल्शियम लागते, हे तुम्हांला ठाऊक असेल. आम्ल विरल असेल, तर कित्येक तास वेदनाही होत नाहीत. १९९४ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञाच्या मांड्यांवर हे आम्ल सांडले. दोन आठवड्यांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

अशा आम्लावर नुसता खाण्याचा सोडा टाकला, तर लिटमस ‘सारे ठीक’ म्हणेल. परंतु टेबलावर सोडियम फ्लुओराइड उरेल. ते पाण्यात विरघळते आणि विषारी असते. म्हणून तेथे कॅल्शियमची संयुगे वापरतात. त्यांच्यामुळे फ्लुओराइड जवळजवळ न विरघळणाऱ्या कॅल्शियम फ्लुओराइडच्या रूपात अडकून पडते. तात्पर्य, टेबल साफ करायचे तर त्यावर काय सांडले होते आणि क्रियेनंतर काय उरले, हे कळलेच पाहिजे. ते कोणाला ठाऊक असते? ज्याने प्रयोग केला त्याला. फडके घेऊन आलेल्या मामांना किंवा मावशींना ते ठाऊक नसते. साफसफाई दुसऱ्यावर सोपवू नये, याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

किरणोत्सारी पदार्थांवर काम करणारे शास्त्रज्ञ हे पूर्वीच शिकले आहेत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या ठिकाणी अशी द्रव्ये हाताळली जातात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून काम झाल्यावर टेबलाच्या ठरावीक भागावर गाळणकागद फिरवतात आणि त्या कागदातून किरण येतात का, हे उपकरणाने मोजतात. मोजमाप समाधानकारक आले, तरच टेबल स्वच्छ मानतात. तेथे ‘स्वच्छ दिसते आहे’ हे वाक्य चालत नाही. ते आपल्याकडे तरी का चालावे?

बाटलीची नोंद, थेंबाची नाही

आम्लाने होणाऱ्या हल्ल्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी एक महत्त्वाचा आदेश दिला. १८ वर्षांखालील व्यक्तीला आम्ल विकण्यास त्याने मनाई केली. शिक्षणसंस्था आणि प्रयोगशाळांनी आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवावी, आम्लाच्या सुरक्षित साठ्यासाठी एका व्यक्तीला जबाबदार धरावे आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करावी, असेही त्यात सांगितले आहे. हा आदेश अत्यंत योग्य आहे. परंतु त्याचा हेतू आम्ल बाहेर जाऊ नये हा आहे. कुलपातल्या बाटलीचा हिशेब राहतो, टेबलावर राहिलेल्या थेंबाचा कोणत्याही वहीत राहत नाही. तो हिशेब आपणच ठेवायला हवा.

यावर आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप वेळेचा. उपनगरांतील पुष्कळ महाविद्यालयांत एकाच प्रयोगशाळेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक तुकड्या येतात. एक तुकडी बाहेर पडते तोच दुसरी दारात उभी असते. पण मला वाटते, हाच मुद्दा माझ्या बाजूचा आहे. तुमचे टेबल दहा मिनिटांत दुसऱ्याचे होणार असेल, तर ते तपासून देण्याची गरज अधिकच. त्यासाठी प्रयोगातील दोन निरीक्षणे कमी केली तरी चालतील.

दुसरा आक्षेप असा, की परिचरांना या कामाचा पगार मिळतो. मिळतो खरा. पण तो प्रयोगशाळा सांभाळण्याचा मिळतो, दुसऱ्याने सांडलेले अज्ञात आम्ल उघड्या हातांनी टिपण्याचा नव्हे. आपल्याला चष्मा आणि मोजे हवेत, पण टेबल पुसणाऱ्याला नकोत, हा कोणता न्याय?

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक प्रात्यक्षिकाची शेवटची दहा मिनिटे टेबलासाठी राखून ठेवावीत. भिंतीवर वाळूच्या बादलीशेजारी खाण्याच्या सोड्याचा डबा असावा. परिचरांना विद्यार्थ्यांसारखेच मोजे आणि चष्मे द्यावेत. आणि जर्नलमध्ये निष्कर्षाखाली आणखी एक ओळ असावी: ‘टेबल चार ठिकाणी तपासले, लिटमस निळा राहिला.’ सरांची सही त्या ओळीखाली व्हावी. बारावीच्या रसायनाच्या प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. त्यांतला एखादा गुण या ओळीसाठी ठेवला, तर महिन्याभरात सगळी टेबले बदलतील, अशी माझी खात्री आहे.

पण मंडळ गुण देईपर्यंत तुम्ही थांबावे असे नाही. लिटमसच्या चार पट्ट्या आणि मूठभर सोडा यांना कोणाची परवानगी लागत नाही. शिक्षकांना सांगितले, म्हणजे झाले. पुढच्या प्रात्यक्षिकाला जाल तेव्हा काम सुरू करण्यापूर्वीच टेबलावर लिटमस टेकवून पाहा. तुमच्या आधी तेथे बसलेल्याने तुमच्यासाठी काय ठेवले आहे, ते कळेल. आणि उठताना पुन्हा टेकवा, म्हणजे तुम्ही पुढच्यासाठी काय ठेवून जात आहात, तेही कळेल.